हाताला आलेलं काम

तळाशीलच्या आमच्या रापणीत माणूस गेला तरी त्याचा वाटा बंद होत नसे. घरातला मुलगा हाताशी येईपर्यंत तो त्याच्या बायकोपोरांना मिळत राही. ही रीत कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. ती चालवणारी माणसं होती, आणि त्यांतल्या एका माणसाच्या ऋणात मी जन्मभर आहे. वाडीतले सगळे त्यांना आबा म्हणत. आमच्या रापणीचे ते तांडेल, म्हणजे प्रमुख. कर्म या विषयावर पुढे मी थोडंफार वाचलं, कीर्तनांतून ऐकलं. पण त्या वाचण्या-ऐकण्याचा अर्थ लागला तो आबांना आधी पाहिलं होतं म्हणून.

तळाशील म्हणजे मालवणच्या उत्तरेला समुद्र आणि कालावलची खाडी यांच्यामध्ये पसरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी होऊन आलेली गड नदी, आणि मधे माडांच्या सावलीत आम्हा गाबित मच्छीमारांची घरं. आमचा तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ साली. पोटापाण्याचं साधन एकच, रापण. पहाटे होडी जाळं घेऊन निघते, समुद्रात अर्धवर्तुळ टाकत जाते आणि दोराचं दुसरं टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि पाय वाळूत रोवून, मागे सरकत सरकत जाळं ओढतात. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. जाळं अनेक घरांचं मिळून, होडी सगळ्यांची, आणि दोराला हात लावील त्याला चार मासे मिळणारच, मग तो वाटसरू का असेना.

मासळी वर आली की पुंजे पडत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे. पुंजे घालताना आबा वाकून बसायचे आणि बांगडे, पेडवे, सौंदाळे असे सारखे करत जायचे की एका पुंजात मोठा बांगडा गेला तर दुसऱ्यात दोन लहान जात. तरी कोणता पुंजा कोणाचा हे ते स्वतः ठरवत नसत. प्रत्येकाची एक खूण असे. कोणाची शिंपली, कोणाचा गुळगुळीत खडा, कोणाचं माडाच्या झावळीचं टोक. या खुणा गोळा करून एखाद्या लहान पोराच्या ओंजळीत द्यायच्या आणि त्यानं पुंजांकडे न बघता एकेका पुंजावर एकेक टाकत जायचं. खूण पडली तो वाटा आपला. त्यावर तक्रार नाही.

माझ्या बाबांची खूण होती करवंटीचा तुकडा, मधे भोक पाडलेला.

मी चौथीत असताना बाबा गेले. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत आले, बाबा आले नाहीत. घरात आई, मी आणि रांगती बहीण. भेटायला येणारी माणसं बसायची, पदरानं डोळे पुसायची आणि उठता उठता म्हणायची, मागच्या जन्माचं काहीतरी असणार. बाईच्या कपाळातच नव्हतं. प्रारब्ध कोणाला चुकलंय? त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मोठ्या दुःखापुढे माणसाला काहीतरी बोलावं लागतंच. पण आई ते ऐके आणि आणखी आत सरके. पुढे पुढे ती अंगणातसुद्धा बसेनाशी झाली. नवरा गेल्याचं दुःख होतंच, त्यावर आता आपणच काही पाप करून आलोय असा आरोपही तिच्या माथी बसला होता.

आबा दुखवट्याला आले तेव्हा काहीच बोलले नाहीत. पडवीत बसले, पाणी प्यायले, गळकं छप्पर नजरेखालून घातलं आणि गेले. संध्याकाळी झावळ्यांचे चुडते घेऊन परत आले आणि छप्पर शाकारून दिलं.

बाराव्यानंतर रापण ओढली त्या दिवशी त्यांनी मला किनाऱ्यावर बोलावून घेतलं. पुंजे पडले होते. आबांनी कनवटीला हात घालून करवंटीचा तो तुकडा काढला आणि बाकीच्या खुणांत टाकला. तो त्यांनी कुठून शोधून ठेवला होता कोण जाणे. पोरानं खुणा टाकल्या, करवंटी एका पुंजावर पडली. मी बांगड्यांनी भरलेली पाटी उचलायला बिचकत होतो. हे दान आहे असं मला वाटलं असावं. वाडीत तसं बोललंही जात होतं. आबा म्हणाले, "झिला, बापाशीचो वाटो हा तुझ्या. उपकार कोणी करूक नाय. उचल."

शेजारी उभ्या असलेल्या एकानं उसासा टाकला, "काय करतलास, नशीब एकेकाचा." आबा त्याच्याकडे वळले. आवाज चढवला नाही, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "दुसऱ्याच्या कपाळावरचा वाचूक जाव नको. तुझ्या हाताक काय काम इला, ता बघ."

आबांच्या तोंडून तत्त्वज्ञान म्हणून मी ऐकलं ते एवढंच. पण आमच्या परंपरेतल्या कर्मविचाराचा गाभा त्यात आहे, असं आज साठी उलटल्यावर मी खात्रीनं म्हणतो.

कर्माचे तीन भाग आपल्याकडे सांगतात. अनेक जन्मांचं साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मात भोगायला आलेलं ते प्रारब्ध, आणि आज, या क्षणी आपण करतो ते क्रियमाण. ही विभागणी घराघरांत ठाऊक आहे. चुकतं ते ती वापरण्यात. स्वतःवर संकट आलं की आपण देवाला, सरकारला, शेजाऱ्याला दोष देतो; दुसऱ्यावर आलं की त्याचं प्रारब्ध म्हणून मोकळे होतो. खरं तर हे उलट हवं. प्रारब्ध हा विचार स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे, क्रियमाण हा विचार दुसऱ्याच्या दुःखात हात पुढे करण्यासाठी आहे. माझ्या आईला 'हे माझं प्रारब्ध' असं स्वतःशी म्हणून बळ आलं असतं तर तो तिचा अधिकार होता. तिच्यावतीनं ते म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाच नव्हता.

आबांची दिनचर्या मी जवळून पाहिली, कारण त्यानंतर त्यांच्या अंगणातच वाढलो म्हणावं अशी स्थिती होती. पहाटे उठून समुद्राला हात जोडायचे. दुपारी जाळं वाळत घालून फाटलेले डोळे एकेक करून विणायचे. आपल्या हिश्श्याचं जाळं आणि दुसऱ्याच्या हिश्श्याचं जाळं यात त्यांच्या विणीत फरक नसे. रापणीत कधी कासव सापडे. आबा होडीतून उतरून स्वतः पाण्यात जायचे, कासवाच्या पायाभोवतीचं जाळं सोडवायचे, सुटत नसेल तर कापायचे, आणि पाठीवर हात टेकून तो कपाळाला लावायचे. कूर्म हा विष्णूचा अवतार, हे त्यांना दशावतारी नाटकांतून ठाऊक होतं. एखादं दशावतार आलं की रात्रभर बसून बघत आणि पहाटे तिथूनच थेट रापणीला येत. देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे 'होय म्हाराजा' म्हणत तेव्हा त्यांचा आवाज सर्वांत मोठा असे. पण देवाकडे त्यांनी कधी स्वतःच्या पुंजासाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आबांनंतर मी ऋणी आहे तो हायस्कूलला भेटलेल्या गुरुजींचा. ते तरुणपणी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांच्या हाताखाली राबले होते. शाळेचं शौचालय आठवड्यातून एकदा ते स्वतः धूत. विद्यार्थ्यांना सांगत नसत, बोलावत नसत. बादली, खराटा आणि राख घेऊन जात आणि काम करून विहिरीवर आंघोळ करून वर्गात येत. काही पालकांना हे रुचत नव्हतं. ब्राह्मणाच्या घरात जन्मून हे काय, असं ते म्हणत. गुरुजी हसून सांगत, हे मी अप्पांकडून शिकलो.

अप्पा पटवर्धन म्हणजे कोकणचे गांधी. जन्म १८९४ चा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात आमच्याच किनाऱ्यावरच्या शिरोड्याला जे रण पेटलं, त्यात ते होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. तुरुंगात ते काम जातीवरून ठरत असे. अप्पांसारख्या सवर्ण कैद्याला ते द्यायला सरकार तयार नव्हतं. अप्पांनी अन्नत्याग सुरू केला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी डिसेंबर महिन्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी स्वतः उपोषण आरंभलं, आणि सरकारनं या प्रश्नाचा विचार करण्याचं आश्वासन दिल्यावर ते सुटलं.

शेकडो वर्षं एका समाजाला सांगण्यात येत होतं की हा मैला उपसणं हे तुमच्या पूर्वजन्मीच्या पापाचं फळ आहे. कर्मविचाराचा याहून वाईट उपयोग कोणी केला नसेल. अप्पांनी त्यावर वादविवाद थोडा केला आणि काम फार केलं. हे दुसऱ्याचं प्रारब्ध नाही, माझं आजचं काम आहे, असं म्हणून त्यांनी बादली उचलली. १९४८ साली गड नदीच्या काठी त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. तिथे मेलेली जनावरं सोलून कातडं कमावण्याचा उद्योग केला, मैल्याचं खत होईल आणि माणसाला हातानं काही उपसावं लागणार नाही असे संडास केले, गोबर गॅसचे प्रयोग केले. समाजानं ज्या कामांना विटाळ मानलं, नेमकी तीच कामं त्यांनी साधना म्हणून घेतली. १९७१ साली ते गेले. 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचं आत्मचरित्र गुरुजींनी मला दहावीच्या सुट्टीत वाचायला दिलं, आणि एकदा आम्हा मुलांना गोपुरीला नेलं. तिथे नदीकाठी उभं राहून त्यांनी मला सांगितलं की हेच पाणी पुढे तुझ्या घराशेजारून समुद्राला जातं. आबा आणि अप्पा या दोघांना मी त्या दिवसापासून एकाच घराण्यातले मानतो. एकाला लिहितावाचता येत नव्हतं, दुसरा मोठा विद्वान. दुसऱ्याचं कपाळ न वाचता आपल्या हाताकडे बघणं दोघांचंही.

गुरुजींनी आणखी एक पुस्तक दिलं, विनोबांची 'गीताप्रवचने'. तीही १९३२ सालचीच. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. म्हणजे त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका तुरुंगात गीतेतला कर्मयोग सांगितला जात होता आणि दुसऱ्या तुरुंगात तो हातात बादली मागत होता. विनोबांनी तिथे मांडलेली एक गोष्ट मला आयुष्यभर पुरली. बाहेरच्या कर्माला आतून मनाची साथ मिळाली पाहिजे. ती मिळाली की काम कितीही असो, त्याचं ओझं उरत नाही, मी केलं ही टोचणीही उरत नाही. जाळं विणणाऱ्या आबांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याचा अर्थ मला या पुस्तकानं दिला.

पुढे मी पोस्टमन झालो. तेव्हाचं कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर जगत होतं. माझ्या पिशवीत गिरणगावातून आलेले पैसे असत, आणि सड्यावरच्या, व्हाळापलीकडच्या म्हाताऱ्या दारात उभ्या राहून वाट बघत असत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांतले कितीतरी आमच्या बाजूचे. पाहता पाहता माझी पिशवी हलकी झाली.

एका आजीच्या मुलाची मनीऑर्डर दर महिन्याला यायची, ती थांबली. पत्रही येईना. शेजारपाजारचे म्हणू लागले, मुलगा बायकोच्या नादी लागला, म्हातारीचं कर्म ओढवलं. मी त्या घरावरून जाताना ती विचारायची, "माझी इली?" आणि माझ्याकडे द्यायला काही नसे. पोस्टमनचं काम तिथे संपतं. पण मला आबांचे शब्द आठवत. एका संध्याकाळी काम आटोपून मी तिच्या ओट्यावर बसलो आणि म्हटलं, आजये, सांग काय लिहायचं ते. तिनं बराच वेळ विचार केला आणि एकच वाक्य सांगितलं, "पैशे नाय तर नाय, पण कागद धाड." मी ते जसंच्या तसं कार्डावर लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं. गिरणी बंद आहे, हमाली करतो, रिकाम्या हातानं पत्र लिहायची लाज वाटत होती, असं त्यानं लिहिलं होतं. आजीनं मला ते दोनदा वाचायला लावलं. नंतर तो गावी परतला आणि तिच्या शेवटापर्यंत तिच्याजवळ राहिला. मी केलं ते एका कार्डाचं काम. पण लोकांनी वाचलेलं तिचं कर्म मी खरं मानलं असतं तर ते कार्ड लिहिलं गेलं नसतं.

त्या संपात मला आणखी एक गोष्ट उमगली. कर्माचं फळ करणाऱ्याच्याच पदरात पडतं असं आपण म्हणतो, पण या जगात दिसतं वेगळं. मुंबईत कोणी काय ठरवलं, आणि आमच्या सड्यावरची चूल विझली. तसंच समुद्राचं. यांत्रिक होड्यांनी, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी, रात्री पाण्यात दिवे लावून लोक मासळी खरवडून नेतात, आणि रिकामी रापण ओढतो तो किनाऱ्यावरचा गरीब रापणकर. २०१६ साली राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, पण पारंपरिक मच्छीमाराचं गाऱ्हाणं काही संपलेलं नाही. रापणकराच्या रिकाम्या जाळ्याकडे बघून त्याचं प्रारब्ध म्हणणाऱ्यानं आधी हे विचारावं की हे कोणाच्या कर्माचं फळ तो भोगतो आहे, आणि त्यात आपल्या ताटातल्या माशाचा वाटा किती.

पहिल्या पगारातून मी आबांसाठी एक कांबळं नेलं. ते नको म्हणाले नाहीत. तिथल्या तिथे अंगावर घेतलं आणि पावसाळाभर पांघरून हिंडले. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि दोर ओढणं थांबलं. पण रापणीत त्यांची खूण पडत राहिली, आणि ते किनाऱ्यावर येऊन आपला वाटा घेऊन जात. देताना जितके सहज, घेताना तितकेच. देणारा होणं अनेकांना जमतं, त्यात मोठेपणाही मिळतो. घेताना मान खाली न जाणं आणि देताना मान वर न जाणं, या दोन्ही गोष्टी ज्याला साधल्या त्याची आतली वाढ झाली असं मी समजतो. आध्यात्मिक उन्नतीची दुसरी खूण मला ठाऊक नाही. ध्यानधारणा करणारी, जपमाळ ओढणारी थोर माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सकाळी पूजा करून दुपारी मापात मारणारेही पाहिले आहेत. पुंजा घालताना ज्याचा हात सारखा चालतो, त्याची पूजा देवाला पोचते.

आई ऐंशी वर्षं जगली. दोन्ही मुलं शिकली, बहीण परिचारिका झाली. शेवटच्या आजारपणात तिनं मला सांगितलं की आबांनी वाटा दिला म्हणून पोट भरलं, पण त्यांनी माझं कपाळ वाचलं नाही म्हणून मी जगले. या दोन ऋणांतलं दुसरं मोठं आहे, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक विनंती. कोणाच्या घरी दुखवट्याला गेलात, कोणाची नोकरी गेली, कोणाचं मूल अधू जन्मलं, कोणावर दुखणं कोसळलं, तर त्याचं प्रारब्ध, त्याचं कर्म हे शब्द तोंडातून काढू नका. मनातही आणू नका. चूल पेटली का, औषध आणलं का, मुलांच्या फीचं काय झालं, हे विचारा. आणि त्यातलं एक तरी काम अंगावर घेऊन मगच घरी परत या.